खेळाची मोजणी क्षेत्रफळात करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमवर पूर्ण पान छापल्याबद्दल आधी आभार मानतो. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला एवढी जागा मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली. ते पान घरात मी आणि माझा पुतण्या, दोघांनी वाचलं आणि ताटं वाढलेली असताना भाकरी गार होईपर्यंत त्यावर भांडलो. लेखात 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेचं उदाहरण होतं. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: मालिका पुढं सरकत गेली तसा नकाशा भरत गेला, साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरची कामं, वाढत गेल्या, आता एकेक भाग दोनशे तास पुरतो, तेव्हा शोध घेण्याची मजा उत्तरोत्तर वाढलीच आहे. हे मला मान्य नाही. ही मालिका मी वीस वर्षं खेळतोय, म्हणून हे पत्र.

मी भूकरमापक आहे. जमीन मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे हिशेब मला झोपेतून उठवून विचारले तरी येतील. एवढी वर्षं क्षेत्रफळं काढल्यावर एक गोष्ट मात्र पक्की कळली आहे. सात-बारावरचा आकडा सारखाच असला तरी माळावरचा एकर आणि ओढ्याकाठच्या मळ्यातला एकर यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. खेळाच्या नकाशाचंही तसंच आहे, आणि याच मालिकेत त्याचा पुरावा आहे. १९९६ सालच्या 'डॅगरफॉल'चा नकाशा एखाद्या देशाएवढा होता. गावं, वाड्या, देवळं, भुयारं धरून पंधरा हजारांच्या आसपास ठिकाणं. पण ती जवळजवळ सगळी संगणकानं साच्यातून पाडलेली. एका गावातून निघून दहाव्या गावात पोचलात तरी तीच खानावळ, तीच गल्ली. आमचा सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटर, तालुके अकरा. मोजणीच्या निमित्तानं यातली शेकडो गावं पायाखाली घातली, पण एकासारखं दुसरं गाव अजून भेटलं नाही. 'स्कायरिम'चा अख्खा नकाशा चाळीस चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे आमच्याकडची मोजकी गावं मिळून होतील तेवढा. तरी लोक तो वर्षानुवर्षं फिरतात. तेव्हा आकाराचा मुद्दा मी इथंच सोडतो.

खरा वाद वेगळा आहे. शोध आणि साइड क्वेस्ट या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि लेखात त्यांची सरमिसळ झाली आहे. ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: मुख्य कथा बाजूला ठेवून वाटेत भेटलेल्या कुणाचं तरी अंगावर घेतलेलं काम म्हणजे साइड क्वेस्ट. आणि कुणीही न सांगता, पलीकडं काय आहे म्हणून डोंगराच्या मागं जाऊन बघणं, तो शोध. माझं म्हणणं असं की या मालिकेच्या तीन मोठ्या भागांत, म्हणजे 'मोरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११), या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कधीच वर आल्या नाहीत. एक वाढली की दुसरी खाली गेली.

'मोरोविंड' मी २००४ साली कराडला डिप्लोमा करताना खेळलो. कॉम्प्युटर खोलीतल्या मित्राचा, त्यामुळं तो झोपल्यावर माझी पाळी. मधोमध ज्वालामुखी असलेलं वार्डनफेल नावाचं बेट. तुम्ही कैदी म्हणून बोटीतून सेडा नीन नावाच्या दलदलीकाठच्या खेड्यात उतरता आणि लगेच मोकळे होता. पुढं कुठं जायचं ते दाखवणारा बाण नाही की नकाशावर ठिपका नाही. कुणी काम सांगितलं की वाटही तोंडानंच सांगतो आणि ते बोलणं रोजनिशीत उतरतं. सुरुवातीच्याच एका कामात प्राचीन, नामशेष झालेल्या लोकांची एक कोड्याची पेटी आणायची असते. त्याची वाट अशी: बाल्मोरा गावातून बाहेर पड, मूनमॉथचा किल्ला ओलांड, पुढं लाव्ह्यानं कोरलेली कोरडी घळ लागेल, तिच्यावरचा जुना पूल पार कर, तिथं अवशेष आहेत. मी गेलो. दार उघडेना. बराच वेळ भिंती चाचपल्यावर दिसलं की बाहेर एका पाइपवर हातानं फिरवायची कळ आहे. ती फिरवली की दाराचे अर्धगोल बाजूला सरकतात. आत पडझड, अंधार, लुटारू. आणि ती पेटी केवढीशी! एका खोलीतल्या दगडी फळीवर ठेवलेली. तिच्यासमोरून मी तीन रात्री गेलो असेन. चौथ्या रात्री मशाल घेऊन गेलो तेव्हा दिसली, आणि मी मित्राला झोपेतून उठवून दाखवली.

त्या दिवसांत मी शंभर पानी वही केली होती. तिच्यात प्रत्येक वाटेचं टिपण काढायचो. कुठल्या वळणावर कसलं झाड आहे, कुठला पूल मोडका आहे, कुठल्या घाटात रक्षेची वादळं येतात. पुढं नोकरीला लागल्यावर जुन्या अभिलेखातली जमीनमोजणीची खरी टिपणं पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती वाचायला मला अवघड गेलं नाही. ती वही आजही माळ्यावरच्या पेटीत आहे.

याच भागात सेडा नीनमधून निघाल्यावर थोड्या अंतरावर आभाळातून किंकाळी ऐकू येते आणि एक माणूस धाडकन तुमच्या पुढ्यात पडून मरतो. कुणी पाठवलेलं नाही, कसलं काम नाही. त्याच्याजवळ मंत्राच्या तीन गुंडाळ्या आणि एक रोजनिशी सापडते. प्रचंड उंच उडी मारायचा मंत्र त्यानंच शोधला होता, उतरण्याचा विचार मात्र केला नव्हता. गुंडाळी वाचून उडी मारली की अर्धं बेट पायाखालून जातं, आणि दुसरी गुंडाळी खाली यायच्या आत वाचली नाही तर तुमचंही तेच होतं. शोध म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

पण पुतण्यानं इथं मला पकडलं, आणि बरोबर पकडलं. तो म्हणाला, "काका, वाटा भारी आहेत, पण कामं बघा की. हे इथनं न्या, ते तिथं द्या. निम्म्या क्वेस्ट पोस्टमनच्या आहेत." खरं आहे. बाल्मोरातल्या जादूगारांच्या संघात आजिरा नावाची एक जण आहे. तिच्या पहिल्याच कामात चार जातींची अळंबी गोळा करायची. ऐकायला अगदीच किरकोळ. पण ती अळंबी उगवतात सेडा नीनभोवतीच्या दलदलीत. ती शोधत फिरताना कुठली अळंबी झाडाच्या खोडावर असते, कुठली पाण्याकाठी, कुठली रात्री लुकलुकते, हे डोळ्यांना कळायला लागतं. काम हलकं, पण त्या कामानं तो मुलूख ओळखीचा करून दिला. एवढं माझं उत्तर. तरी कथा म्हणून तोललं तर 'मोरोविंड'च्या बऱ्याच साइड क्वेस्ट फिक्या आहेत, हे कबूल. शिवाय सांगितलेल्या वाटा काही ठिकाणी चक्क चुकीच्याही आहेत, त्याचा मी मनस्ताप भोगला आहे.

'ऑब्लिव्हियन'मध्ये पारडं नेमकं उलटं झालं. त्याची नवी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. पुतण्या सांगलीला इंजिनिअरिंगला आहे, त्यानं ती हॉस्टेलवर संपवली. त्याचा आवडता भाग तोच, आणि साइड क्वेस्टच्या बाबतीत मी त्याच्या बाजूनं आहे. मारेकऱ्यांच्या गुप्त संघाच्या क्वेस्ट एमिल पॅगलियारुलो यांनी लिहिल्या. त्यातली एक अशी: स्किंग्रॅड गावातल्या एका वाड्यात पाच पाहुणे जमलेत. घरात मोहरांची पेटी लपवली आहे असं त्यांना सांगितलेलं आहे, आणि सहावा पाहुणा तुम्ही. दार बाहेरून बंद. पेटी वगैरे काही नाही. पाचही जणांना एकेक करून संपवायचं, कुणाच्या नजरेस न येता. तुम्ही त्यांच्याशी बोलता, त्यांची मर्जी मिळवता, एकाच्या मनात दुसऱ्याविषयी संशय पेरता. एक मेला की बाकीचे तुमच्याकडंच येऊन भीती बोलून दाखवतात. पुतण्या सांगत होता की शेवटची उरलेली व्यक्ती आपल्यावर विश्वास टाकून बोलायला लागली तेव्हा त्यानं खेळ बंद करून कॉलेजच्या आवारात एक चक्कर मारली. मला २००६ नंतर पहिल्यांदा ती क्वेस्ट खेळताना असंच झालं होतं.

दुसरी चेडिनहॉल गावातली. एका चित्रकाराची बायको सांगते की नवरा आतून बंद केलेल्या खोलीत गेला आणि नाहीसा झाला. तुम्ही खोलीत जाता, समोर अर्धवट चित्र, हात लावला की चित्रातच. तिथं झाडं, आभाळ, जमीन सगळं कुंचल्याच्या फटकाऱ्यांचं. चित्रातल्या राक्षसांवर चालतं ते टर्पेंटाइन, तलवारीला लावायचं. ज्यानं कुणी चित्र काढताना टर्पेंटाइनचा वास घेतला असेल त्याला ही कल्पना सुचली तेव्हाचा आनंद कळेल.

आता याच खेळात शोधाचं काय झालं ते पाहा. वर होकायंत्राची पट्टी आली, तिच्यावर बाण आला. नकाशावर बोट ठेवलं की क्षणात तिथं पोचता यायला लागलं. हे एक वेळ चालेल, पण खरं नुकसान दुसऱ्या गोष्टीनं केलं. सगळं जग तुमच्या लेव्हलनुसार बदलतं. तुम्ही कच्चे असाल तर गुहेत कच्चे शत्रू, तुम्ही तयार झालात की त्याच रस्त्यावरचा भुरटा लुटारूही महागड्या हिरव्या चिलखतात उभा राहून शंभर मोहरा मागतो. मग कुठल्याही गुहेत आज गेलं काय, महिन्यानं गेलं काय, सारखंच. भीतीची जागा उरली नाही, म्हणून धाडसाचीही उरली नाही. 'मोरोविंड'मध्ये चुकून भलत्या थडग्यात शिरलो की जीव घेऊन पळायचो आणि वहीत लिहून ठेवायचो, इथं पुन्हा यायचं. कमळगडाची चढण माणूस किती दमलाय ते बघून कमी-जास्त होत नाही. म्हणून तर वर पोचल्यावर कावेच्या विहिरीत उतरताना अंगावर काटा येतो.

'स्कायरिम'वर मी जास्त रागावलोय, कारण त्याच्यावर माझं प्रेमही जास्त आहे. गुहा पुन्हा मन लावून घडवल्या. ब्लॅकरीच नावाची जमिनीखालची चमकत्या अळंब्यांची प्रचंड पोकळी पहिल्यांदा समोर आली तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. पण कामं? दरबारातला कारभारी किंवा चोरांच्या संघातला दलाल न संपणारी कामं देत राहतो. साचा ठरलेला, त्यात ठिकाणाचं नाव तेवढं बदललेलं: अमुक ठिकाणी जा, तिथल्या म्होरक्याला मार किंवा तिथली वस्तू चोर, पैसे घे. दोनशे तासांतले कित्येक तास या साच्यातून येतात. लेखात तेच तास गुणांच्या खात्यात जमा धरले आहेत, याचं मला वाईट वाटलं.

पुतण्या म्हणाला, "मग बाण बंद करून खेळा की, काका." मी केला. चार दिवस. खेळता येत नाही. कारण रोजनिशीत वाटच लिहिलेली नसते. नुसतं 'तलवार परत आणा' एवढंच. काम सांगणारा माणूसही कुठल्या दिशेला, कुठल्या खिंडीतून, हे बहुतेक वेळा बोलत नाही. बाण आहे म्हटल्यावर लिहिणाऱ्यानं वाट सांगायचंच सोडून दिलं. बाणावर माझा राग नाही, माझा राग या सोडून देण्यावर आहे.

हे मी कामावरच्या अनुभवानं बोलतोय. आता आमच्या हातात रोव्हर आहे, उपग्रहावरून जागा कळते, आणि मला तो मनापासून आवडतो. दोन वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यात एका मोजणीला हद्दीचा दगड सापडत नव्हता. रोव्हरनं जागा दाखवली, तिथं करवंदीची दाट जाळी. लगतदार नुसते उभे. तेवढ्यात बांधावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आरं, आंब्याच्या बुंध्याला पाठ लाव आन् जरंड्याकडं त्वांड कर. वड्याची दोन पाणी जिथं मिळत्यात तिथनं सरळ वर बघ. जाळीच्या मुळात हाय त्यो." आम्ही जाळी तोडली. दगड होता, शेवाळलेला, वरचा टवका उडालेला. रोव्हर आणि आजी एकाच दगडावर आले. पण तो दगड तिथंच का, हे आजींनी सांगितलं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा ओढ्याचं पाणी दोघांनाही मिळावं म्हणून हद्द तिथून काढली होती. रोव्हरवर त्या दिवशीचे आकडे आहेत, आजींचं बोलणं कुठंच नोंदलेलं नाही. 'स्कायरिम'च्या क्वेस्ट लिहिणाऱ्यांनी फक्त आकडे ठेवले आणि आजीला काढून टाकलं, असं मला वाटतं.

तरीही 'स्कायरिम'मध्येच एक जागा आहे जिथं शोध आणि कथा एकत्र आल्या, आणि त्या एका जागेमुळं मी या मालिकेवरची आशा सोडलेली नाही. उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावर एक दीपगृह. तुम्हाला तिकडं कुणी पाठवत नाही, लांबून दिवा दिसतो म्हणून तुम्ही जाता. आत चूल, भांडी, पुस्तकं, आणि जमिनीवर एका बाईचं प्रेत. घर एका कुटुंबाचं. नवरा, बायको, दोन मुलं. त्यांच्या वह्या घरभर आहेत. मुलांना ही एकाकी जागा नकोशी झालेली, तळघरातून आवाज येतात, उंदीर-घुशी असतील असं घरच्यांना वाटतं. तुम्ही तळघरात उतरता, तिथल्या भिंतीला भगदाड, पलीकडं बर्फातली गुहा. खाली खाली जाताना एकेकाचं काय झालं ते कळत जातं. अगदी तळाशी एक मोठा किडा. तो मेल्यावर त्याच्या पोटात बापाचे अवशेष सापडतात.

या माणसाची इच्छा वर वाचलेली असते: मेल्यावर मला याच दिव्याच्या आगीत ठेवा, म्हणजे समुद्र कायम दिसत राहील. आता हे कर असं समोर उभं राहून सांगणारं त्या घरात कुणी उरलेलं नसतं. मी ते अवशेष घेऊन तेवढं सगळं भुयार परत चढून आलो, जिन्यानं दीपगृहाच्या माथ्यावर गेलो आणि ते आगीत ठेवले. तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, मुलगी शेजारी झोपली होती आणि माझे वडील जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांच्या अस्थी आम्ही संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या पाण्यात सोडल्या होत्या. खेळात त्या कामाचं बक्षीस मिळतं, जखमा भरण्याचे मंत्र दहा टक्के जास्त चालतात. ते मला नंतर दिसलं. मी बराच वेळ तिथंच उभा राहून काळोखा समुद्र बघत होतो.

दुसऱ्या मालिकांतही हाच झगडा आहे. 'विचर ३'च्या साइड क्वेस्ट अप्रतिम, पण त्याच्या समुद्रात प्रश्नचिन्हं पेरून ठेवली आहेत आणि प्रत्येकाखाली तीच पिंपं. 'एल्डेन रिंग'नं बाण आणि क्वेस्टची यादी दोन्ही काढली, शोध परत आणला. पुतण्या त्याच्यावर तासभर बोलू शकतो. त्याचं पत्र त्यानंच लिहावं.

आपल्याकडं एक विनंती आहे. खेळाचं परीक्षण छापताना नकाशा केवढा, तास किती, हे आकडे शेवटच्या ओळीत टाका. नाटकाच्या परीक्षणात प्रवेश किती आणि मध्यंतर किती मिनिटांचं हे कुणी मथळ्यात देत नाही. परीक्षण करणाऱ्याला एक साइड क्वेस्ट निवडायला सांगा आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहायला लावा: काम कुणी सांगितलं, वाट कशी सांगितली, वाटेत काय दिसलं, पोचल्यावर काय करावंसं वाटलं. त्या एका क्वेस्टवरून खेळ कळतो. या मालिकेचा सहावा भाग २०१८ साली जाहीर झाला, अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा सातारा-सांगलीतली हजारो मुलं तो घेतील, आईवडिलांचे पैसे घालून. घ्यावा की नाही हे त्यांना मराठीत वाचायला मिळायला हवं, आणि ते चौरस किलोमीटरमध्ये नको.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या नोकरीचा भाग कापा, दीपगृहाचा तेवढा राहू द्या.

आपला,
एक भूकरमापक,
गोडोली, सातारा